गंगेचा गडू आणि इस्लामियातचा पेपर

माझी पत्नी मंगळवारी दुपारी वारली. मी तेव्हा बसमध्ये होतो. मांडीवर गंगेचा गडू होता.

तो गडू सासूबाईंनी काशीहून आणला होता. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. लग्नानंतर निघताना त्यांनी तो कुमुदच्या हाती दिला, तेव्हापासून तो आमच्या देवघरात होता. सिंगापूरला आलो तेव्हा तो कुमुदच्या पर्समध्ये आला आणि क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या फळीवर बाळकृष्णाशेजारी बसला. रोज त्याला गंध-फूल मिळायचं. तो कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे. कुमुदला हॉस्पिटलात ठेवल्यावर डॉक्टरांनी आता थोडेच दिवस म्हणून सांगितलं, तेव्हाच मी तो न्यायला हवा होता. पण तो वॉर्डात नेणं म्हणजे ती जाणार हे कबूल करणं. मी रोज उद्यावर ढकललं. त्या मंगळवारी तिचा श्वास बदललेला मला जाणवला. ती डोळे मिटून होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, “आलोच हं,” आणि बस पकडून घरी गेलो.

घरी मी लगेच निघालो नाही. गडूचं तोंड वॉर्डात उघडणार कशाने, या विचाराने मी स्क्रू ड्रायव्हर शोधत बसलो. मग बाहेरच्या कुंडीतल्या तुळशीचं पान खुडलं, ते किडकं निघालं म्हणून दुसरं खुडलं. यात दहा मिनिटं गेली असतील. परतीच्या बसमध्ये हॉस्पिटलातून फोन आला.

वॉर्डात पोहोचलो तेव्हा कुमुदच्या अंगावर चादर नीट केलेली होती आणि तिच्या पलंगाशी वॉर्डातली मदतनीस उभी होती. पन्नाशीची मलाय बाई. हातात वाटी आणि प्लास्टिकचा चमचा. ती हळूच म्हणाली, “अंकल, शी वॉन्ट वॉटर. आय गिव्ह, स्मॉल स्मॉल. देन शी गो.” मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “तुला कोणी सांगितलं होतं पाणी द्यायला?” आयुष्यात मी कोणावर आवाज चढवला असेन असे प्रसंग फार थोडे. त्यातला हा एक. ती वाटी घेऊन गेली.

दिवस-कार्य झालं. त्यानंतर मी पूजा बंद केली. ठरवून केली असं नाही, एक दिवस राहिली आणि मग राहूनच गेली. गडू कापडात गुंडाळून स्टोअररूममध्ये सुटकेसच्या मागे ठेवला. ज्या एका कामासाठी तो तीस वर्षं घरात होता ते माझ्या हातून झालं नाही, आणि शेवटचं पाणी तिला नळाचं, परक्या हातून मिळालं. देवाने माझ्याकडून एवढंही करून घेऊ नये, हा माझा रुसवा होता. मुलीला, मानसीला, एवढंच माहीत होतं की बाबा वाटेत होते. स्क्रू ड्रायव्हरचं आणि किडक्या पानाचं मी तिला सांगितलं नाही.

मानसी शहराच्या पूर्व टोकाला, ईस्ट कोस्टला राहते, दर रविवारी डबा घेऊन येते. सात-आठ महिन्यांनी तिने विषय काढला की मागची खोली भाड्याने द्यावी. घरात माणूस असलेलं बरं. मी म्हटलं, “मला नको कोणी.” ती इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट वन रूम, लाह. तुम्ही दिवसभर बोलता कोणाशी? टीव्हीशी?” मी टीव्हीशीही बोलत नव्हतो. महिन्याभराने तिनेच एक मुलगी आणून उभी केली. मुलगी लाहोरची होती. नाव सादिया. जवळच्या विद्यापीठात सांडपाणी शुद्ध करण्यावर तिचं संशोधन चाललं होतं. सार्सची साथ ओसरून तेव्हा वर्ष झालं होतं आणि विद्यार्थी पुन्हा येऊ लागले होते.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी अवघडून वागलो. फ्रिजच्या फळीवर मी चिकटपट्टी लावली, वरचं तुमचं, खालचं माझं. तिने ती पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “अंकल, ये तो बॉर्डर हो गया. पासपोर्ट दिखाना पड़ेगा?” मला हसू आलं. कुमुद गेल्यानंतर घरात मी हसलो ते पहिल्यांदा, आणि हसल्याचं लगेच वाईट वाटलं.

एका संध्याकाळी ती फाईल घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली आणि कुमुदच्या खुर्चीवर बसली. तिला ते माहीत असणं शक्य नव्हतं. तिच्या देशातल्या सनदी सेवेच्या परीक्षेला ती बसत होती. वयाच्या अटीमुळे ही तिसरी आणि शेवटची संधी. त्या परीक्षेत इस्लामियात नावाचा एक सक्तीचा पेपर असतो, इस्लामचा अभ्यास. बाकी पेपर कितीही चांगले गेले तरी त्यात नापास तो नापास. आणि ती दोन्ही वेळा नेमकी त्यातच नापास झाली होती. “अम्मी किसी को बताती नहीं,” ती म्हणाली. “गणितात नापास झाले असते तर सांगितलं असतं. मुलगी इस्लामियातमध्ये फेल, हे मोहल्ल्यात कोणत्या तोंडाने सांगणार?”

तिची अडचण तिने स्वतःच शोधून काढली होती. लहानपणापासून सगळं तोंडपाठ होतं. त्यामुळे उत्तरात ती आयती वाक्यं लिहून मोकळी व्हायची, समजावून सांगायची नाही. तपासणाऱ्याला वाटायचं हिला काही कळलेलं नाही. “मला असा माणूस हवाय, अंकल, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही लायब्रेरियन होतात ना? सवाल पूछिए. जब तक समझ में न आए, पूछते रहिए.” मी एका शाळेच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली होती. अडाणी प्रश्न विचारण्याची पात्रता माझ्यात पुरेपूर होती.

मग रोज संध्याकाळी तिची नमाज झाली की आम्ही टेबलाशी बसायचो. ती एक प्रश्न घेऊन बोलायची आणि मी लहान मुलासारखं ‘म्हणजे काय’ आणि ‘का’ विचारत राहायचो. रोजा उपाशी राहण्यासाठी की कशासाठी? शेजाऱ्याचा हक्क म्हणजे किती घरांपर्यंतचा? लिहून आणलेली तिची उत्तरं मी इंग्रजीच्या दृष्टीने तपासायचो. माझं हिंदी मुंबईचं, ती हसायची. “अंकल, ‘मेरेको समझा नहीं’ पेपर में मत लिखवाइएगा.” तिच्या धर्माबद्दल मला काही ठरवायचं नव्हतं. संध्याकाळचे दोन तास कसे जातात हे कळायचं नाही, एवढंच मला हवं होतं. स्टोअररूमच्या दाराकडे त्या वेळात लक्ष जात नसे.

अशाच एका संध्याकाळी तिने कर्तव्यांचा प्रश्न घेतला. कर्तव्य दोन प्रकारचं, ती सांगू लागली. एक ज्याचं त्याने करायचं, दुसरा कोणी ते करू शकत नाही. रोजची नमाज तशी आहे. दुसरं सगळ्यांचं मिळून, त्याला फर्ज-ए-किफाया म्हणतात. मयताला अंघोळ घालणं, त्याच्यासाठी नमाज पढणं, माती देणं. हे कोणीच केलं नाही तर सगळे दोषी. पण काहींनी केलं, की सगळ्यांच्या डोक्यावरून उतरलं.

मी विचारलं, “सगळ्यांच्या म्हणजे? जो घरचा होता, ज्याने करायला हवं होतं आणि तो तिथे नव्हता, त्याच्याही?”

“हां, त्याच्याही.”

“तो आपल्या चुकीने नव्हता, तरी?”

ती उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली. हा प्रश्न पेपरातला नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने फाईल मिटली आणि मग मी तिला सगळं सांगितलं. गडू, स्क्रू ड्रायव्हर, पहिलं पान, दुसरं पान, वाटी, चमचा आणि मी त्या बाईला काय बोललो ते. पोटच्या मुलीला जे सांगितलं नव्हतं ते मी लाहोरच्या एका भाडेकरूला सांगत होतो. तिने मधे एकदाही ‘असं काही नाही अंकल’ म्हटलं नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

शेवटी ती म्हणाली, “अंकल, पुस्तकात जनाज़ा लिहिलाय. पाणी पाजणं त्यात येतं का, मला ठाऊक नाही. आणि हे आमच्या लोकांसाठी लिहिलंय, तुमच्यासाठी मी कसं सांगू? मैं मुफ़्ती नहीं हूँ. मैं तो दो बार फ़ेल हूँ.”

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतून आली ती थेट माझ्याकडे. तिने दुपारी फोन करून आईला विचारलं होतं. “अम्मी उलट माझ्यावरच भडकल्या. म्हणाल्या, मरणाऱ्याच्या ओठांना पाणी लावायचं असेल तर जो पास हो, वही लगाए. इसमें पूछने की क्या बात है? म्हणाल्या, तू नक्की तिसऱ्यांदा फेल होणार.”

मी माझ्या खोलीत गेलो. जो जवळ असेल त्याने करायचं. तीस वर्षं मी समजत आलो होतो की ते पाणी माझ्या हातचं असायला हवं, त्या गडूतलं असायला हवं, त्यावर न किडलेलं पान असायला हवं. कुमुदला तहान लागली होती. तहान लागली त्या क्षणी वाटी घेऊन कोणीतरी तिथे होतं. माझं काम माझ्यासाठी कोणी केलं होतं आणि मी त्या माणसाला विचारलं होतं की तुला कोणी सांगितलं. खरंच, तिला कोणी सांगितलं होतं? हा प्रश्न मी रागाने विचारला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला निराळा ऐकू आला.

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. कुमुद गेल्यानंतर त्या बाजूला मी फिरकलो नव्हतो. वॉर्ड तोच होता, माणसं दुसरी होती. नाव मला माहीत नव्हतं, वर्णन तरी काय करणार? पन्नाशीची मलाय बाई, हळू बोलणारी. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की अशा इथे बऱ्याच आहेत, आणि वर्षभरात कोण कुठे गेलं ते तिला माहीत नाही. परत येताना मी बसमध्ये मनात म्हटलं, माझ्याकडून झालं तेवढं झालं. आता तुझं तू बघ. कुमुद गेल्यावर देवाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

परीक्षेसाठी सादियाच्या लाहोरला जाण्याचा दिवस आला. विमान दुपारचं होतं. निघताना मी तिच्या तळहातावर दही-साखर घातली. ती म्हणाली, “अंकल, पेपर अगले हफ़्ते है, तब तक तो हज़म हो जाएगी,” पण खाल्ली. मानसी परीक्षेला निघायची तेव्हा कुमुद दही-साखर तर द्यायचीच, शिवाय तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडायची, लेकीवरची सगळी इडापिडा आपल्यावर घ्यायची. ते बायकांनीच करावं. मी नुसता हात हलवला. ती टॅक्सीने गेली.

अर्ध्या तासाने फोन आला. परीक्षेची प्रवेशपत्रिका टेबलावरच्या फाईलमध्ये राहिली होती. सादिया रडकुंडीला आली होती, ती तशीच परत यायला निघत होती. मी म्हटलं, “तू हलू नकोस. मी आणतो.” फाईल छातीशी धरून मी क्लेमेंटी स्टेशनवर आलो आणि चांगी विमानतळाच्या दिशेची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली. बसलो तेव्हा लक्षात आलं की घरी राहिलेली वस्तू मांडीवर घेऊन मी पुन्हा एकदा कोणाकडे तरी वेळेत पोहोचायला निघालो आहे. मी फाईल उघडून पत्रिका आत आहे ना ते पुन्हा पाहिलं.

मधल्या एका स्टेशनवर एक बाई चढली. डोक्याला फिका निळा रुमाल, हातात भाजीची पिशवी. ती समोर बसली, माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि उठून शेजारी आली. “अंकल. बेड नाइन, राइट? युअर वाइफ.” कामावर तिच्या डोक्याला रुमाल नसे, म्हणून मी ओळखलं नव्हतं. आवाज तोच होता.

मी जे बोलायचं घोकत हॉस्पिटलात गेलो होतो त्यातलं काही मला आठवेना. मी हात जोडले आणि म्हटलं, “मी तुम्हाला शोधायला आलो होतो. त्या दिवशी तुम्ही पाणी दिलंत. मी वाईट बोललो.”

तिने हात हलवून ते बाजूला सारलं. “नेव्हर माइंड लाह, अंकल. एव्हरीबडी अँग्री दॅट टाइम.” मग ती जरा घुटमळली. तिलाही काही विचारायचं होतं. तिच्या तुटक इंग्रजीत तिने सांगितलं ते असं. दोन-तीन चमचे पाणी घेतल्यावर कुमुदने डोळे उघडले होते. दोन्ही हात उचलून तिने या बाईच्या गालांवरून फिरवले आणि मग ते आपल्या स्वतःच्या डोक्याशी नेऊन बोटं दाबली. असं, म्हणून बाईने पिशवी खाली ठेवली आणि आपल्या कानशिलांना मिटलेली बोटं लावून दाखवली. “पेन अह, अंकल? हेड पेन? मी नर्सला बोलवायला वळले, तेवढ्यात त्या गेल्या. एक वर्ष मी हाच विचार करतेय. त्यांचं डोकं दुखत होतं आणि मला कळलं नाही.”

गाडी जमिनीखालून वर आली होती, डब्यात ऊन होतं. ती वाट बघत होती. मी म्हटलं, “डोकं दुखत नव्हतं. आमच्याकडे आई मुलीला असं करते. तुझ्यावरचं सगळं वाईट माझ्यावर येऊ दे, असा त्याचा अर्थ. तिने तुम्हाला आशीर्वाद दिला.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “अल्हम्दुलिल्लाह.” या शब्दावर सादियाने मला पानभर उत्तर तपासायला लावलं होतं, त्यामुळे तो मला समजला, सगळी स्तुती देवाची. बेडोकला ती उतरली. नाव विचारायचं राहिलं, या वेळीही.

विमानतळावर सादिया दाराशीच उभी होती. फाईल ओढून घेऊन तिने पत्रिका पाहिली, मग माझा चेहरा. “अंकल, आप रो क्यों रहे हैं? स्लिप ही तो थी, मिल गई ना.” मी म्हटलं, “हो, मिळाली.” वेळ नव्हता. बाकी मी तिला नंतर पत्राने कळवलं.

तिने पत्रिका घरी विसरणं, मी निघणं, तीच गाडी, तोच डबा, हे कसं जुळलं याचा मी हिशोब मांडत नाही. गाडीत रोज कोणी ना कोणी भेटतंच. मला एवढंच ठाऊक आहे की मी जे देवाने माझ्यापासून हिरावलं म्हणून रुसून बसलो होतो ते त्याने व्यवस्थित पार पाडलं होतं, माझ्यावाचून. कुमुद तहानलेली गेली नाही. परक्या हातातही ती गेली नाही. शेवटच्या घटकेला जो हात जवळ होता त्याला तिने लेकीचा केला होता. ती जाताना देत गेली आणि मी मात्र वर्षभर तिला काय मिळालं नाही ते मोजत बसलो होतो. आपण आणायला गेलो नसतो तर बरं झालं असतं, हे मला अजूनही वाटतं. पण आपल्यावाचून काही अडलं नाही यात माझा अपमान नाही, त्यातच कृपा आहे, हे समजायला मला दुसऱ्या धर्माचा पेपर तपासावा लागला.

काही महिन्यांनी सादियाची मेल आली. इस्लामियातमध्ये ती चांगल्या गुणांनी पास झाली. इंग्रजी निबंधात नापास. म्हणजे सनदी सेवा संपली. आता ती लाहोरला एका कॉलेजात शिकवते, पाण्याबद्दलच. तिने लिहिलं होतं, अम्मी सगळ्या मोहल्ल्याला सांगत फिरतायत की मुलगी इस्लामियात पास झाली, निबंधाचं कोण विचारतं? तुमच्या अडाणी प्रश्नांना अम्मींचा सलाम.

मानसीला मी त्यानंतरच्या रविवारी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती डबा तसाच ठेवून माझ्याजवळ बसली. “बाबा, हे एकटे घेऊन बसला होतात?” एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने इंग्रजी शब्द वापरला नाही. मग आम्ही दोघांनी मिळून देवघराची फळी पुसली. फ्रिजमधली चिकटपट्टी अजून आहे, ती मी काढत नाही.

गडू पुन्हा बाळकृष्णाशेजारी आहे. तो बंदच आहे. रोज त्याला गंध लावतो. मानसीला सांगून ठेवलं आहे की माझ्या वेळी तो आणायला कोणीही घरी जाऊ नये. जो जवळ असेल त्याने, जे पाणी असेल ते द्यावं.